२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे स्वतः कसं तपासायचं

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ही संख्या ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून ओळखीची असते. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी जुन्या ३२ बिटी घड्याळांचा सेकंदांचा काटा याच आकड्यावर येऊन अडकणार आहे. पण संगणकाची मर्यादा असणं आणि मूळ, म्हणजे अविभाज्य असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. १६ बिटांची तशीच मर्यादा ३२७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ अशी फुटते.

या लेखात ही संख्या मूळ असल्याचं तीन वेगळ्या मार्गांनी तपासायचं आहे. पहिल्या मार्गाला दहा अंकी कॅल्क्युलेटर पुरतो, पुढच्या दोघांना छोटा प्रोग्रॅम लागतो. घातासाठी ^ हे चिन्ह वापरलं आहे, म्हणजे २^५ = ३२. आपल्या संख्येला पुढे ‘म’ म्हणू.

आधी घडण बघा

म = २^३१ − १. बायनरीत लिहिली तर सलग ३१ एक. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये, २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अशी संख्या मूळ येते याची यादी दिली. त्या यादीत ३१ होता. यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहूनच गेले होते. ३१ चा निकाल मात्र पक्का ठरला: १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने तो सिद्ध केला आणि पुढची कित्येक दशकं ही जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली.

सुरुवातीलाच होणारी एक चूक इथेच टाळू. घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्या नक्की फुटते. १५ ला ३ आणि ५ ने भाग जातो, म्हणून २^१५ − १ ला २^३ − १ = ७ आणि २^५ − १ = ३१ या दोघांनी भाग जातो. उलट बाजू मात्र खरी नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २९ मूळ आहे, पण २^२९ − १ = ५३६८७०९११ = २३३ × ११०३ × २०८९. त्यामुळे ‘३१ मूळ आहे, म्हणून म मूळ’ हा युक्तिवाद अर्धवट आहे. त्याने फक्त स्पर्धेत प्रवेश मिळतो.

सरळ भागाकार: किती काम आहे?

संख्या संयुक्त असेल तर तिचा एखादा मूळ अवयव तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतोच. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, म्हणजे म पेक्षा कमी. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, म्हणजे जास्त. तेव्हा ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. त्या जवळपास ४८०० आहेत.

संगणकाला हे डोळ्याचं पातं लवण्याआधी जमतं. हाताने मात्र काही आठवडे जातील, आणि ४८०० भागाकारांत एकही चूक झाली नाही याची खात्री कोण देणार? वर हा मार्ग पुढे कुठेच नेत नाही. २^६१ − १ साठी हेच करायचं तर मूळ भाजकांची संख्या सात कोटींच्या आसपास जाते. म्हणून संख्या किती मोठी आहे हे न पाहता ती कशी बनली आहे हे पाहायचं.

पहिला मार्ग: ऑयलरची चाळण

समजा ‘भ’ हा म चा मूळ भाजक आहे. म्हणजे २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १ उरते.

आता २, ४, ८, १६… यांना भ ने भागत गेलो तर बाक्या ठरावीक चक्रात फिरतात. ३१ व्या पायरीवर बाकी १ येते, म्हणून चक्राची लांबी ३१ ला भाग देणारी असली पाहिजे. ३१ मूळ असल्याने लांबी १ किंवा ३१. लांबी १ असेल तर २ ची स्वतःचीच बाकी १ हवी, ते अशक्य. म्हणजे लांबी ३१ च. फर्माच्या प्रमेयानुसार २^(भ−१) ची बाकीही १ असते, म्हणून भ − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. भ विषम आहे, तेव्हा भ − १ सम. दोन्ही एकत्र केलं की भ − १ ला ६२ ने भाग जातो.

ही पहिली जाळी. दुसरी त्याहून बारीक आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे भ ने भागताना २ ही एका वर्गाची बाकी आहे. असं घडतं ते फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांच्या बाबतीत.

दोन्ही अटी पाळणाऱ्या संख्या फक्त दोन रांगांत येतात:

पहिली रांग: २४८ × क + १ (२४९, ४९७, ७४५, ९९३, १२४१, १४८९, …)
दुसरी रांग: २४८ × क + ६३ (६३, ३११, ५५९, ८०७, १०५५, १३०३, …)

४६३४० पर्यंत पहिल्या रांगेत १८६ आणि दुसऱ्या रांगेत १८७, एकूण ३७३ संख्या. ४८०० वरून ३७३! आणि यांतल्याही बऱ्याच संयुक्त आहेत, त्या भागून पाहायची गरज नाही. त्यांना उडवायला भागाकारसुद्धा लागत नाही, क कडे नजर टाकली की पुरतं.

पहिल्या रांगेत: क ला ३ ने भागून १ उरत असेल तर ती संख्या ३ च्या पाढ्यात, क ला ५ ने भागून ३ उरत असेल तर ५ च्या, ७ ने भागून २ उरत असेल तर ७ च्या आणि ११ ने भागून ९ उरत असेल तर ११ च्या पाढ्यात.

दुसऱ्या रांगेत: क ला ३ ने पूर्ण भाग जात असेल, ५ ने भागून ४ उरत असेल, ७ ने पूर्ण भाग जात असेल किंवा ११ ने भागून ६ उरत असेल तर ती काटा.

एवढ्यावर साधारण १५५ उरतात. १३, १७, १९ वगैरेंनी असंच चाळत गेलं की शेवटी ऐंशीच्या आसपास मूळ संख्या हातात राहतात. सुरुवातीच्या आहेत ३११, १३०३, १४८९, २५४३, २७२९. चाळताना एखादी संयुक्त संख्या चुकून राहिली तर बिघडत नाही, एक तपासणी फुकट जाते इतकंच. चुकून मूळ संख्या काटली गेली तर मात्र सिद्धताच कोसळते. म्हणून शंका आली तर ठेवा.

प्रत्यक्ष तपासणी कॅल्क्युलेटरवर

म ला थेट भागता येतं, पण दशांशानंतरचे आकडे पाहून ‘भाग गेला नाही’ म्हणणं धोक्याचं. साधा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक कापतो. त्याऐवजी २^३१ ची बाकी काढा. ती १ आली तर भाग जातो, दुसरं काहीही आलं तर जात नाही. मार्ग ठरलेला: २^१०, त्याचा वर्ग २^२०, दोघांचा गुणाकार २^३०, आणि एकदा दुप्पट.

भ = ३११:
२^१० = १०२४, बाकी ९१.
२^२०: ९१ × ९१ = ८२८१; ३११ × २६ = ८०८६; बाकी १९५.
२^३०: १९५ × ९१ = १७७४५; ३११ × ५७ = १७७२७; बाकी १८.
२^३१: ३६. एक नाही, म्हणजे ३११ बाद.

भ = १३०३ साठी ऋण बाकी वापरून पाहू, आकडे लहान राहतात:
२^१० = १०२४ = १३०३ − २७९, म्हणून बाकी −२७९.
२^२०: २७९ × २७९ = ७७८४१; १३०३ × ५९ = ७६८७७; बाकी ९६४, म्हणजेच −३३९.
२^३०: (−३३९) × (−२७९) = ९४५८१; १३०३ × ७२ = ९३८१६; बाकी ७६५.
२^३१: १५३०, बाकी २२७. हीही बाद.

इथे एक सोय आपोआप मिळते. भ कधीच ४६३४० च्या पुढे जात नाही, त्यामुळे दोन बाक्यांचा गुणाकार म पेक्षा मोठा होत नाही आणि दहा अंकी पडदा सर्व पायऱ्यांना पुरतो. ऋण बाक्या वापरल्या तर नऊ अंकांतच भागतं. आठ अंकी कॅल्क्युलेटर मात्र भ दहा हजारांच्या पुढे गेला की अडतो, आणि ऋण बाक्या घेतल्या तरी वीस हजारांच्या पुढे.

ऐंशी संख्या तपासायच्या आणि प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’च येणार, तर आपली रीतच चुकीची नाही हे कशावरून? त्यासाठी आधी ‘हो’ येणारं उदाहरण करून बघा. २^२९ आणि २३३ घ्या: २^८ = २५६, बाकी २३. २^१६: ५२९, बाकी ६३. २^२४: ६३ × २३ = १४४९, बाकी ५१. २^२९: ५१ × ३२ = १६३२, आणि २३३ × ७ = १६३१. बाकी १. भाग गेला. हे उत्तर आलं तरच पुढे जा.

रांगांमधली बेरीज चुकणं हा इथला नेहमीचा घोटाळा आहे. दर दहाव्या ओळीला २४८ × क स्वतंत्रपणे गुणून ताळा घ्या. क = १८६ ला पहिल्या रांगेत ४६१२९ आणि दुसऱ्या रांगेत ४६१९१ यायला हवं; नाही आलं तर मधे कुठेतरी पाय घसरला आहे.

फर्माची कसोटी इथे का फसते

इंटरनेटवर ‘जलद कसोटी’ म्हणून सर्रास सांगितलं जातं: २^(न−१) ला न ने भागून बाकी १ आली तर न बहुधा मूळ. मर्सेन संख्येवर पाया (म्हणजे जिचा घात काढतो ती संख्या) २ घेऊन ही कसोटी लावण्यात काहीच अर्थ नाही. कारण २^११ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १ येणारच, तशी ती संख्या बनवलीच आहे. आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, म्हणून २^२०४६ ची बाकीही १. कसोटी उत्तीर्ण, आणि संख्या २३ × ८९! मूळ घातांकाची प्रत्येक मर्सेन संख्या पाया २ ला असाच चकवा देते. याहून कडक समजली जाणारी मिलर-राबिन कसोटीसुद्धा पाया २ वर २०४७ ला ओळखू शकत नाही. तिथे फसवणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या तीच आहे.

मिलर-राबिनच वापरायची तर पाया २, ७ आणि ६१ असे तिन्ही घ्या. ४७५९१२३१४१ च्या खालच्या सर्व विषम संख्यांना हे तीन पाये मिळून निर्णायक उत्तर देतात, आणि म त्या मर्यादेत बसते. म − १ ला २ ने एकदाच भाग जातो, त्यामुळे प्रत्येक पायासाठी फक्त एक घात काढायचा: पाया^१०७३७४१८२३. बाकी १ किंवा २१४७४८३६४६ यायला हवी. संख्येचा पाया आधीच तिच्या घडणीत असेल, तर तो पाया तिला काही विचारत नाही, हे पुढेही लक्षात असू द्या.

दुसरा मार्ग: लुकास-लेहमर, २९ पायऱ्या

एदुआर लुकासने १८७६ मध्ये पाया घातलेली आणि डी. एच. लेहमरने १९३० मध्ये आजच्या रूपात आणलेली ही कसोटी फक्त मर्सेन संख्यांसाठी आहे. आजही नवनवीन विक्रमी मूळ संख्यांची अंतिम खातरजमा हिच्यानेच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्याही त्यातच आली.

रीत अशी: ४ ने सुरुवात करा. प्रत्येक पायरीला संख्येचा वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांक ‘घ’ असेल तर घ − २ पायऱ्या. शेवटी बाकी ० आली तरच मूळ.

आधी लहान संख्येवर हात बसवा. घ = ७, संख्या १२७, पायऱ्या पाच: ४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०. मूळ. आता घ = ११, संख्या २०४७, पायऱ्या नऊ: ४ → १४ → १९४ → ७८८ → ७०१ → ११९ → १८७७ → २४० → २८२ → १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. हीच ती संख्या जी वरच्या कसोटीला गंडवून गेली होती. मात्र २३ आणि ८९ हे अवयव या कसोटीतून कळत नाहीत.

म साठी घ = ३१, म्हणजे २९ पायऱ्या. पहिल्या काही अशा:

४ → १४ → १९४ → ३७६३४ → १४१६३१७९५४ → ६६९६७०८३८ → …

चौथ्या पायरीपर्यंत भागाकाराची गरजच पडत नाही, कारण ३७६३४ चा वर्ग वजा २ हाही म पेक्षा लहान आहे. खरी कसरत पाचव्या पायरीपासून. १४१६३१७९५४ चा वर्ग १९ अंकी आहे. एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं भरतं, जावास्क्रिप्टचे साधे आकडे २^५३ च्या पुढे अचूक राहत नाहीत, फोनवरचे बरेच कॅल्क्युलेटर गोळाबेरीज करतात. उत्तर दिसायला ठीकठाक आणि असायला चूक. म्हणून ६६९६७०८३८ हा आकडा कसोटीचा दगड समजा: तुमच्या साधनाने पाचव्या पायरीला तो दिला नाही, तर साधन बदला.

प्रोग्रॅममध्ये ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. बाकी जास्तीत जास्त म − १, तिचा वर्ग सुमारे ४.६ × १०^१८, आणि चिन्हासहित ६४ बिटांत ९.२ × १०^१८ पर्यंत जागा असते. ३२ बिटांच्या चलात गुणाकार केला तर पाचव्या पायरीलाच वरचे बिट गळून पडतात आणि प्रोग्रॅम हूं की चूं न करता ‘संयुक्त’ सांगतो. पायथॉनमध्ये पूर्णांकांना मर्यादा नाही, तिथे ही काळजी नको.

मर्सेन संख्येने बाकी काढायला भागाकार लागतच नाही. २^३१ ची बाकी १ आहे, म्हणून बायनरी संख्येचे खालचे ३१ बिट वेगळे करायचे, वरचे बिट वेगळे करायचे आणि दोघांची बेरीज करायची. लहान रूपात: १९४ = ११००००१०. ३१ साठी खालचे पाच बिट ०००१० म्हणजे २, वरचे ११० म्हणजे ६. बेरीज ८, आणि १९४ ला ३१ ने भागून बाकी ८ च. नऊच्या पाढ्याचा ताळा अंकांच्या बेरजेने घेतो, त्यातलीच ही युक्ती. बेरीज म पेक्षा मोठी आली तर म एकदा वजा करा.

नेमकी इथे एक खोच आहे आणि ती शेवटच्या पायरीलाच बोचते. घडी घालून आलेली बेरीज कधी कधी नेमकी म इतकी येते, म्हणजे ३१ च्या ३१ बिट एक. तिचा अर्थ शून्यच. शेवटून दुसरी बाकी ६५५३६ आहे असं धरा: वर्ग ४२९४९६७२९६, वजा २ केले की ४२९४९६७२९४. वरचा भाग १, खालचा २१४७४८३६४६, बेरीज २१४७४८३६४७. प्रोग्रॅम ‘शून्य आहे का?’ विचारतो, उत्तर ‘नाही’ मिळतं, आणि मूळ संख्या संयुक्त जाहीर होते. उपाय सोपा: बेरीज म इतकी किंवा म पेक्षा जास्त असेल तर म वजा करा; ‘जास्त असेल तर’ एवढंच लिहू नका. दुसरी काळजी: आधी घडी घालून मग २ वजा करत असाल तर ० किंवा १ मधून २ गेल्यावर ऋण संख्या येते. सी भाषेत ऋण संख्येची बाकीही ऋणच येते, तेव्हा म मिळवून घ्या.

आणि ६५५३६ हा आकडा मनाने घेतलेला नाही. शेवटी ० यायचं तर त्याआधीच्या बाकीच्या वर्गाची बाकी २ हवी. म ने भागताना २ ची वर्गमुळं दोनच: २^१६ = ६५५३६, आणि तिची ऋण जोडी २१४७४१८१११. २८ व्या पायरीला या दोघांपैकी एक आलं नाही तर २९ व्या पायरीला शून्य येणं शक्यच नाही. पायऱ्या मोजण्यात एकाची चूक झाली आहे का, हे ओळखायलाही हाच आकडा कामी येतो.

तिसरा मार्ग: म − १ फोडा

पहिल्या दोन मार्गांत म ची स्वतःची घडण वापरली. आता तिच्या शेजारणीकडे बघू. २१४७४८३६४६ भयंकर दिसते, पण फोडायला अगदी सोपी:

२^३१ − २ = २ × (२^३० − १) = २ × (२^१५ − १) × (२^१५ + १) = २ × ३२७६७ × ३२७६९

३२७६७ = ७ × ३१ × १५१ आणि ३२७६९ = ३ × ३ × ११ × ३३१. सगळं मिळून २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. कागदावर पाच मिनिटांचं काम.

हे अवयव हातात आले की असा पाया शोधायचा, ज्याचा म − १ वा घात बाकी १ देतो, पण त्याआधी कुठेच १ देत नाही. तसा पाया सापडला तर म पेक्षा लहान प्रत्येक धन संख्या त्याच्या घातांच्या बाक्यांत एकदा येते, आणि हे फक्त मूळ संख्येबाबतच घडतं. सर्वांत लहान असा पाया ७ आहे. तपासायचं एवढंच:

७^२१४७४८३६४६ ची बाकी १ हवी. आणि १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६, ६४८७८६६ या सात घातांची बाकी १ नको. हे सात घातांक म्हणजे म − १ ला अनुक्रमे २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ ने भागून आलेले. यांतल्या पहिल्याचं उत्तर २१४७४८३६४६ येतं, म्हणजे −१. ते ताळ्यासाठी धरा.

पायथॉनच्या घाताच्या अंगभूत फंक्शनला तिसरा घटक म्हणून म द्यायला विसरू नका. तो नसेल तर यंत्र ७ चा पूर्ण घात काढायला बसेल, आणि ती संख्या सुमारे १८१ कोटी अंकी आहे.

पाया २ इथेही बाद: त्याचं चक्र ३१ पायऱ्यांतच संपतं. ३ आणि ५ सुद्धा सातही अटी पार करत नाहीत. पण पाया नापास झाला म्हणून संख्या संयुक्त ठरत नाही, दुसरा पाया घ्यायचा. चालणारे पाये दुर्मीळ नाहीत: १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३० = ५३,४६,००,००० आहेत, म्हणजे दर चार संख्यांमागे जवळपास एक.

हे गुणधर्म कामाला लावताना

पूर्ण चक्र फिरणाऱ्या अशाच एका पायावर यादृच्छिक संख्या देणारं जुनं यंत्र चालतं: आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, म ने भागा, बाकी ठेवा. १६८०७ = ७^५, आणि ५ चा म − १ शी सामाईक अवयव नाही, म्हणून चक्र पूर्ण २१४७४८३६४६ लांबीचं राहतं. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी हे किमान दर्जा म्हणून सुचवलं. नंतर त्यांनीच ४८२७१ हा गुणक अधिक चांगला ठरवला. सी++ च्या प्रमाणित संचात दोन्ही आहेत. आपलं यंत्र बरोबर आहे का ते पाहायला १ पासून सुरुवात करा: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असं यायला हवं आणि दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५. सुरुवात ० किंवा म ने केली तर यंत्र कायमचं शून्यावर बसतं. ६४ बिट नसतील तर म = १६८०७ × १२७७७३ + २८३६ ही फोड वापरा: संख्येला १२७७७३ ने भागा, बाकीला १६८०७ ने गुणा, भागाकाराला २८३६ ने गुणून वजा करा, ऋण आलं तर म मिळवा. सगळं ३२ बिटांत मावतं. पासवर्ड किंवा ओटीपीसाठी मात्र हे अजिबात वापरू नका, एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

वर्गमूळ काढण्यातही ही संख्या सोयीची आहे. ४ ने भागून ३ उरणाऱ्या मूळ संख्येत वर्गमूळ म्हणजे (म + १) ÷ ४ वा घात. इथे म + १ = २^३१, म्हणून तो घात २^२९: नुसता २९ वेळा वर्ग करत जायचं. उत्तराचा पुन्हा वर्ग करून पाहणं आवश्यक, कारण निम्म्या संख्यांना इथे वर्गमूळच नसतं आणि रीत तरीही काहीतरी आकडा देतेच. ४ ने भागून ३ उरत असल्यामुळेच म दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. पण ३ ने भागून १ उरतो, म्हणून एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची तिप्पट अशी ती एकाच प्रकारे लिहिता येते: ४६१६२² + ३ × २३४९². कागदावर करून बघा, २१३०९३०२४४ + १६५५३४०३.

मर्सेन मूळ संख्या मिळाली की एक परिपूर्ण संख्या फुकट मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सर्व भाजकांच्या बेरजेइतकी संख्या. २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही त्या माळेतली आठवी. हिच्यापुढची परिपूर्ण संख्या शोधायचे कष्ट कोणी घेणार नाही, असं इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहून ठेवलं होतं. आज अशा पन्नासहून अधिक संख्या माहीत आहेत.

मग म हाच घातांक घेऊन २^म − १ बनवली तर? ३, ७, ३१ आणि १२७ हे घातांक घेतले तर मूळ संख्याच मिळतात, त्यामुळे मोह होतो. पण ही संख्या फुटते, आणि ऑयलरची चाळण इथेही तशीच लागू पडते: प्रत्येक मूळ भाजक २ × क × म + १ या रूपाचा आणि ८ ने भागून १ किंवा ७ उरणारा हवा. क = ६८७४५ घेतलं की २९५२५७५२६६२६०३१ मिळतो, ८ ने भागून ७ उरतात, आणि २^म ला त्याने भागल्यावर बाकी १ येते. १९८३ मध्ये सापडलेला हा भाजक १५ अंकी आहे, त्याच्या बाक्यांचे गुणाकार ६४ बिटांत मावत नाहीत, तेव्हा ही तपासणी पायथॉनवरच करा.